सुखात्मिकेतील स्त्रीभूमिका, मराठी

सुखान्त व विनोदप्रधान नाटकांतून स्त्रीपात्राला मिळालेले स्थान आणि त्याचा मराठी रंगभूमीवरील विकास. सुखात्मिकेत स्त्रीपात्रे आरंभापासून आहेत. किंबहुना त्यांच्यावाचून हा नाट्यप्रकार संभवतच नाही, कारण त्याचे कथानक बहुधा प्रेम, विवाह व गृहजीवन ह्यांभोवती फिरते. तथापि स्त्रीपात्र असणे आणि समर्थ स्त्रीभूमिका असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या भूमिकेच्या निर्णयामुळे कथानकाला वळण मिळते, जिला स्वतःची विनोदबुद्धी असते आणि जिच्या संमतीवाचून नाटकाचा शेवट सुखाचा ठरत नाही, तिला समर्थ भूमिका म्हणता येईल. केवळ सुस्वरूप नायिका, कजाग सासू वा बावळट मोलकरीण ह्या ठराविक साच्यांतून हास्य निर्माण होते; परंतु ते स्त्रीकडे पाहून हसणे असते, स्त्रीबरोबर हसणे नव्हे. मराठी सुखात्मिकेचा इतिहास हा बऱ्याच अंशी ह्या दोन प्रकारच्या हास्यांमधील अंतराचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : पाश्चात्त्य परंपरेत ॲरिस्टोफेनीसच्या ‘लिसिस्ट्राटा’ (इ. स. पू. ४११) ह्या सुखात्मिकेत युद्ध थांबविण्यासाठी स्त्रिया संघटित होऊन पतींवर बहिष्कार घालतात. विनोदी नाटकाचे संपूर्ण सूत्र स्त्रीच्या हाती देणारे हे अतिशय प्राचीन उदाहरण होय. मात्र ते सादर करणारे नट पुरुष होते. शेक्सपिअरच्या काळीही इंग्लंडमध्ये स्त्रीभूमिका किशोरवयीन मुलगे करीत. त्याच्या रोझालिंड, पोर्शा, व्हायोला ह्या नायिका पुरुषवेश धारण करतात, ह्यामागे ही रंगमंचीय सोयही होती. १६६० मध्ये राजसत्तेची पुनःस्थापना झाल्यावर इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर नटी आल्या आणि लवकरच ॲफ्रा बेनसारखी स्त्री-नाटककार पुढे आली. तिच्या ‘द रोव्हर’ (१६७७) मधील हेलेना ही कुटुंबीयांनी नेमून दिलेले जोगिणीचे जीवन नाकारून स्वतःचा वर स्वतः निवडते. नटी आणि लेखिका ह्यांच्या आगमनाने नायिकेच्या तोंडची भाषा बदलते, हे ह्या उदाहरणावरून दिसते. पुढे मराठीतही काही अंशी असेच घडले. पण त्यास सुमारे अडीचशे वर्षांचा अवधी लागला.

संस्कृत नाट्यपरंपरेत विनोदाची मुख्य जबाबदारी विदूषकाकडे असली, तरी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना ही धीट व स्वतंत्र निर्णय घेणारी नायिका आहे, तर कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त इरावतीचा संताप हा राजाच्या प्रेमचेष्टांना हास्यास्पद ठरविणारा घटक आहे. मराठी लोकपरंपरेत स्त्रीमुखातून येणाऱ्या विनोदाची कमतरता नव्हती. एकनाथांची अनेक भारुडे संसाराने गांजलेल्या स्त्रीच्या तोंडी असून त्यांचा वरवरचा अर्थ खट्याळ व आतला अर्थ पारमार्थिक आहे. तमाशातील गौळणींच्या प्रसंगात गवळणी कृष्णाला आणि पेंद्याला प्रतिटोले देतात. त्यांच्या पुढारीपणाची ‘मावशी’ मात्र पुरुषच रंगवी. स्त्रीचा हजरजबाबीपणा आणि त्यामागे पुरुष नट, अशी ही दुहेरी घडण पुढील शंभर वर्षे मराठी रंगभूमीवर टिकून राहिली.

आरंभकाळ : विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्या वेळेपासून नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका मुलगे व तरुण पुरुष करू लागले. १८५५ मध्ये जोतीराव फुले ह्यांनी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ ह्या नाटकात कुणब्याची बायको हे पात्र असून पुरोहिताच्या लबाडीवर विदूषक उपहासात्मक भाष्य करतो. विनोद हा शोषिताच्या बाजूने उभा राहू शकतो, ह्याची ही पहिली आधुनिक जाणीव म्हणावी लागेल. परंतु हे नाटक त्या काळी रंगभूमीवर आले नाही.

पौराणिक खेळानंतर ‘फार्स’ करण्याची प्रथा १८५६ च्या सुमारास सुरू झाली. ह्या फार्सांतून समकालीन जीवन प्रथमच रंगमंचावर आले. त्याचबरोबर शिकलेल्या स्त्रीची टवाळी हा एक हमखास विषय होऊन बसला. १८८४ मध्ये पुणे येथे मुलींचे हायस्कूल (हुजूरपागा) स्थापन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी नारायण बापूजी कानिटकर ह्यांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ (१८८६) प्रसिद्ध झाली. शिक्षणाने स्त्रिया स्वैर व संसारास निरुपयोगी होतात, असे दाखविणे हा तिचा हेतू होता. हास्य हे सामाजिक दडपणाचे साधन म्हणून कसे वापरले जाते, ह्याचा तो ठळक नमुना होय. ज्यांच्यावर ही टीका होती, त्यांना रंगभूमीवरून उत्तर देण्याचा मार्ग तेव्हा खुला नव्हता. ताराबाई शिंदे ह्यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) ह्या निबंधातील धारदार उपरोध पाहता, अशा उत्तराचे सामर्थ्य मराठी स्त्रीच्या भाषेत होते, उणीव होती ती व्यासपीठाची, हे स्पष्ट होते.

संगीत नाटकातील नायिका : अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) ह्या नाटकाने मराठी सुखात्मिकेला प्रसन्न व घरगुती रूप दिले. बलरामाने दुर्योधनाशी ठरविलेला विवाह सुभद्रेला मान्य नाही. तिचे मन अर्जुनावर जडलेले आहे. नाटकाचा सारा ताण तिच्या इच्छेतून निर्माण होतो. मात्र ही इच्छा सफल करण्याचे कारस्थान कृष्णाचे आहे. सुभद्रा रुसते, रडते, गाते, पण डाव खेळत नाही. भाऊराव कोल्हटकर ह्यांच्या गायनामुळे ही भूमिका विलक्षण लोकप्रिय झाली आणि गाणारी, भावविवश नायिका हा एक आदर्श ठरून गेला.

ह्याच्या अगदी उलट प्रकृतीची नायिका वासुदेव बाळकृष्ण केळकर ह्यांनी ‘त्राटिका’ ह्या रूपांतरातून आणली. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ चे हे रूपांतर शाहूनगरवासी नाटक मंडळीने गाजविले. नायिकेला रामायणातील राक्षसीचे नाव देऊन रूपांतरकाराने प्रेक्षकांचा कौल आधीच ठरवून टाकला होता, असे म्हणता येईल. तथापि तिच्या तडफदार संवादांमुळे ती निव्वळ निंदेचा विषय राहिली नाही. नायकाशी बरोबरीने शब्दयुद्ध करणारी स्त्री प्रेक्षकांना आवडते, हे ह्या नाटकाच्या यशाने सिद्ध केले, जरी त्याच्या शेवटी तिने नमते घेणे अपरिहार्य मानले गेले होते.

गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे ‘संशयकल्लोळ’ हे मराठीतील एक निर्दोष सुखात्मिका म्हणून मान्यता पावले आहे. मोल्येरच्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फी ह्याने ‘ऑल इन द राँग’ (१७६१) हे इंग्रजी नाटक रचले होते. त्यावरून देवलांनी प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३) हे गद्य नाटक लिहिले व पुढे त्यालाच संगीत रूप दिले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. ह्यातील पात्रांना नक्षत्रांची व त्यांवरून आलेल्या महिन्यांची नावे आहेत. त्याचे वैशिष्ट्य असे, की संशयाचे वेड पती-पत्नींमध्ये समप्रमाणात वाटलेले आहे. मूर्च्छित रेवतीला सावरणारा फाल्गुनराव कृत्तिकेला दिसतो आणि कृत्तिकेच्या हाती सापडलेली परपुरुषाची तसबीर फाल्गुनरावाला दिसते. दोघांचाही पुरावा सारखाच सबळ आणि सारखाच पोकळ. कृत्तिका ही सोशिक पत्नी नाही. ती पाळत ठेवते, जाब विचारते, भांडते. फजितीची ही समान वाटणी तिला नवऱ्याच्या पातळीवर आणते, आणि ह्यातच देवलांच्या मर्मदृष्टीचा प्रत्यय येतो. नायकिणीची मुलगी असलेल्या रेवतीलाही त्यांनी उपहासाचा विषय केलेले नाही. तिच्या प्रेमाची प्रतिष्ठा नाटकाच्या शेवटी मान्य होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी ही श्रीमंतीचा अभिमान बाळगून धैर्यधर ह्या निर्धन सेनानीला अव्हेरते आणि पुढे वनमालेच्या वेषात त्याचे गुण पारखून स्वतःचा निर्णय स्वतः बदलते. ह्या नाटकातील मनःपरिवर्तन नायिकेचे आहे, आणि म्हणून कथानकाचा आसही तीच आहे. राम गणेश गडकरी ह्यांच्या निधनानंतर (१९१९) रंगभूमीवर आलेल्या ‘भावबंधन’ मध्ये लतिकेची थट्टा हीच संकटाचे बीज ठरते. तिच्या उपहासाने दुखावलेला घनश्याम सूडास प्रवृत्त होतो. तिच्या वाक्चातुर्याचा आस्वाद प्रेक्षक घेतात. पण त्याची किंमत तिला मोजावी लागते. विनोदी पुरुषपात्राला असे प्रायश्चित्त क्वचितच घ्यावे लागते, हा भेद लक्षणीय आहे.

‘मानापमाना’तील भामिनी व ‘संशयकल्लोळा’तील रेवती बालगंधर्वांनी, तर लतिका दीनानाथ मंगेशकरांनी रंगविली. स्त्रीवेषी नटांच्या ह्या परंपरेने मराठी नायिकेला डौल, वेषभूषा व गायन ह्यांचे अलौकिक वैभव दिले. परंतु पुरुषाने साकारलेली स्त्री ही आदर्श स्त्री असणे आवश्यक होते. तिने वेडेवाकडे हसणे, धडपडणे, स्वतःची फजिती करून घेणे म्हणजे तो आदर्शाचा भ्रम मोडणे होते. त्यामुळे अंगविक्षेपाचा व गोंधळाचा विनोद पुरुषपात्रांच्या वाट्यास गेला आणि नायिकेकडे शब्दांचा, तोही मर्यादशील विनोद राहिला.

बंड आणि प्रत्युत्तर : १९०७ मध्ये खाडिलकरांचे ‘बायकांचे बंड’ हे नाटक आले. स्त्रीराज्याची स्वामिनी प्रमिला आणि अर्जुन ह्यांच्या प्राचीन कथेचा त्याला आधार आहे. मूळ कथेतच प्रमिलेचे राज्य अखेर अर्जुनाशी होणाऱ्या विवाहात विसर्जित होते. स्त्रियांचे स्वातंत्र्य ही एक विनोदी कल्पना असून तिचा निरास विवाहाने होतो, अशी ही मांडणी स्त्रीशिक्षणाच्या वादाने तापलेल्या काळात निरुपद्रवी राहणे शक्य नव्हते.

तिला रंगभूमीच्याच भाषेत उत्तर दिले ते गिरिजाबाई केळकर (१८८६–१९८०) ह्यांनी. त्यांचे ‘पुरुषांचे बंड’ (१९१३) हे नाटक खाडिलकरांच्या नाटकाचे प्रत्युत्तर म्हणून लिहिले गेले. गिरिजाबाई ह्या शाळा-महाविद्यालयांतून तयार झालेल्या लेखिका नव्हत्या. गृहिणी म्हणून संसार सांभाळीत त्यांनी लेखन केले. त्यांची भूमिका क्रांतिकारक म्हणता येणार नाही. कुटुंबसंस्थेवर त्यांची श्रद्धा होती. परंतु विनोदाचे लक्ष्य उलटविण्याचे जे साधे तंत्र त्यांनी वापरले, त्याचा परिणाम दूरगामी होता. बंड हे नाव ज्याला द्यायचे, ते आचरण पुरुषाचेही असू शकते, हे केवळ शीर्षकानेच त्यांनी सुचविले. कानिटकरांच्या नाटिकेनंतर सुमारे पाव शतकाने स्त्रीने रंगभूमीवरील उपहासाला नाटकानेच उत्तर दिले, ह्या घटनेचे महत्त्व नाटकाच्या वाङ्‌मयीन गुणवत्तेहून अधिक आहे. मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’ ह्या हुंड्यावरील नाटकाच्या शीर्षकाची आठवण करून देणारे ‘हीच मुलीची आई’ हे नाटकही गिरिजाबाईंनी लिहिले. १९२८ च्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

ह्याच सुमारास हिराबाई पेडणेकर ह्यांनी ‘जयद्रथविडंबन’ (१९०४) व ‘संगीत दामिनी’ (१९१२) ही नाटके लिहिली. कलावंतिणीच्या घराण्यात जन्मलेल्या हिराबाईंना संगीताचे उत्तम ज्ञान होते. पण लेखिका म्हणून त्यांना मिळालेली मान्यता सामाजिक प्रतिष्ठेत परिवर्तित झाली नाही. गिरिजाबाई आणि हिराबाई ह्यांच्या वाटचालीतील हा फरक त्या काळी स्त्रीच्या लेखणीमागे तिचे कूळही पाहिले जात असे, ह्याची साक्ष देतो.

नटींचे आगमन : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी ह्यांसारख्या केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या अस्तित्वात होत्या. त्यांत पुरुषभूमिकाही स्त्रियाच करीत. परंतु प्रतिष्ठित समाजाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. ‘नाट्यमन्वंतर’ ह्या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक ह्यांनी भूमिका केल्या आणि सुशिक्षित घरांतील स्त्रियांना रंगभूमीची दारे उघडली. मो. ग. रांगणेकर ह्यांच्या ‘नाट्यनिकेतन’ (१९४१) ह्या संस्थेने ही प्रथा स्थिर केली. मोजकी पात्रे, दिवाणखान्याचे एकच दृश्य आणि रोजच्या बोलण्यातील चुरचुरीत संवाद ही त्यांच्या नाटकांची वैशिष्ट्ये होत. ‘कुलवधू’ (१९४२) मधील भानुमती ही नटी म्हणून स्वतः मिळवणारी पत्नी आहे; पतीचा दुखावलेला अहंकार आणि तिचा स्वाभिमान ह्यांचा संघर्ष हलक्याफुलक्या प्रसंगांच्या आधाराने मांडला गेला.

प्रल्हाद केशव अत्रे ह्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) पासून मराठी विनोदी नाटकाला नवा जोम आणला. ‘लग्नाची बेडी’ (१९३६) मधील रश्मी ही मोहक व धूर्त नटी सभोवतालच्या पुरुषांचे सोवळे हां हां म्हणता उतरविते. पुढे स्नेहप्रभा प्रधान ह्यांनी ही भूमिका विशेष गाजविली. येथे स्त्री हास्याचा विषय नसून हास्याची सूत्रधार आहे. अत्र्यांचेच ‘मोरूची मावशी’ (१९४७) हे ‘चार्लीज आंट’ ह्या इंग्रजी प्रहसनाचे रूपांतर दुसऱ्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पुरुषाने लुगडे नेसणे हीच त्यातील विनोदाची मुख्य कल्पना होय. अवघ्या पंधरा-वीस वर्षांपूर्वी जो गंभीर नाट्यसंकेत होता, तोच नटींच्या आगमनानंतर प्रहसनाचा विषय झाला.

लेखनतंत्रावरील मर्यादा : स्त्रीभूमिकांचे स्वरूप नाटककाराच्या वृत्तीइतकेच रंगभूमीच्या व्यवहारानेही ठरत आले आहे. गावोगावच्या हौशी मंडळ्यांना व महाविद्यालयांना नाटकात काम करणाऱ्या स्त्रिया मिळत नसत. त्यामुळे ‘स्त्रीपात्रविरहित’ नाटिकांची मोठी मागणी असे. उलट महिला मंडळांच्या कार्यक्रमांसाठी ‘पुरुषपात्रविरहित’ नाटिका लिहिल्या जात. ह्या दुसऱ्या प्रकाराची समीक्षकांनी क्वचितच दखल घेतली. परंतु नवऱ्याची नक्कल करणारी, शेजारणीची फिरकी घेणारी, मुद्दाम बावळटपणाचे सोंग आणणारी स्त्री येथे मोकळेपणाने वावरू शकली. स्त्रियांनी स्त्रियांसाठी केलेल्या ह्या प्रयोगांतून अनेकींना विनोदी अभिनयाची पहिली संधी लाभली.

स्वातंत्र्योत्तर काळ : वसंत कानेटकर ह्यांच्या ‘प्रेमा तुझा रंग कसा’ (१९६१) व ‘लेकुरे उदंड जाली’ (१९६६) ह्या सुखात्मिकांत मध्यमवर्गीय दांपत्यजीवनाचे खेळकर चित्रण असून पत्नी ही पतीची तोलामोलाची जोडीदार आहे. अपत्यहीनतेसारख्या, एरवी स्त्रीला दूषण देणाऱ्या विषयाकडे ‘लेकुरे उदंड जाली’ मध्ये खेळकरपणे पाहिले गेले, हे विशेष होय.

पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘ती फुलराणी’ (१९७५) ह्या नाटकातील मंजुळा ही मराठी सुखात्मिकेतील अत्यंत समर्थ स्त्रीभूमिकांपैकी एक मानली जाते. शॉच्या ‘पिग्मॅलिअन’ चे हे रूपांतर केवळ कथानकाचे नसून भाषेचे आहे. शुद्ध-अशुद्ध भाषेचा वाद हा मराठीत जात, वर्ग व शिक्षण ह्यांच्याशी निगडित असल्याने फुले विकणाऱ्या मंजुळेचे बोलणे हा तिच्या अस्मितेचाच प्रश्न बनतो. प्रारंभी प्रेक्षक तिच्या उच्चारांना हसतात; क्रमाक्रमाने ते तिला घडवू पाहणाऱ्या प्राध्यापकाच्या अहंतेला हसू लागतात. हास्याचे लक्ष्य असे हळूहळू सरकविणे, हे ह्या नाटकाच्या रचनेचे मर्म आहे. भक्ती बर्वे ह्यांनी मंजुळेचा राग, मिस्किलपणा व दुखावलेला स्वाभिमान ह्यांचा एकत्र प्रत्यय दिला. स्त्रीवेषी नटाच्या काळात अशक्य असलेला ओबडधोबड, बेभान विनोद येथे नायिकेच्या अधिकारात आला.

सई परांजपे ह्यांनी ‘सख्खे शेजारी’ सारख्या नाटकांतून लेखन व दिग्दर्शन ही दोन्ही सूत्रे स्वतःकडे ठेवून शहरी कुटुंबजीवनाचा मार्मिक वेध घेतला. स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकर ह्यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ (१९८३) हे नाटक आणखी वेगळ्या वाटेने गेले. मुलीच्या जन्मापासून तिच्या वाट्यास येणाऱ्या अन्यायाची कहाणी त्यात गाणी, लोकनाट्याचे संकेत व बोचरा उपहास ह्यांच्या साहाय्याने सांगितली आहे. पुरुषपात्रेही स्त्रियांनीच रंगविली. सभागृहाबाहेर, वस्त्यांतून व गावांतून त्याचे प्रयोग झाले. गौळणीतील प्रतिटोले, स्त्री-मंडळ्यांची परंपरा व गिरिजाबाईंचे प्रत्युत्तर ह्या तीन प्रवाहांचा संगम ह्या नाटकात झालेला दिसतो.

मूल्यमापन : मराठी सुखात्मिकेने दीड शतकाहून अधिक काळात स्त्रीला उपहासाच्या विषयापासून उपहासाच्या सूत्रधारापर्यंत आणले. मात्र हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. ‘संशयकल्लोळ’ सारखे समतोल नाटक स्त्रीवेषी नटांच्या काळात लिहिले गेले, तर नटी विपुल झाल्यावरही कजाग सासू व संशयी बायको ह्यांचे साचे प्रहसनांतून टिकून राहिले. ह्याचे कारण असे, की समर्थ भूमिका केवळ नटीच्या उपलब्धतेने निर्माण होत नाही. नाटककाराने पात्राला चूक करण्याचा, हसण्याचा आणि नकार देण्याचा अधिकार द्यावा लागतो. कृत्तिकेला चुकण्याचा, रश्मीला हसण्याचा आणि मंजुळेला नकाराचा अधिकार मिळाला, म्हणून त्या भूमिका त्यांच्या काळाबरोबर संपल्या नाहीत. नव्या पिढीतील अभिनेत्री त्या पुनःपुन्हा स्वीकारतात, ह्यातच त्यांच्या घडणीचे बळ दिसून येते.